पुढे पोलीस उभे आहेत: हा इशारा द्यावा का?

वडखळ सोडून अलिबागच्या रस्त्याला लागले आणि धरमतरची खाडी ओलांडली, की पोयनाडच्या आसपास समोरून येणारी एखादी गाडी भर उन्हात दोनदा डिपर देते. त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आरशाला अडकवलेले हेल्मेट डोक्यावर चढते, सीटबेल्ट ओढला जातो, कानाचा मोबाइल खाली येतो, मिनिडोर रिक्षाच्या मागे लोंबकळणारा जादा प्रवासी उतरून चालू लागतो. पुढच्या वळणावर पोलीस उभे असतात. तिथून सुटलेला प्रत्येक जण मग समोरून येणाऱ्याला तोच इशारा देत जातो.

रेवदंडा, मुरूड, म्हसळा, माणगाव, सगळीकडे हे चालते. शनिवार-रविवारी आणि एकतीस डिसेंबरला त्याला व्हॉट्सअॅपची जोड मिळते. ‘साळावच्या पुलावर मामा आहेत’, ‘कार्लेखिंडीत फुंकायला लावतायत, आतून या’ असे निरोप एका गटातून दुसऱ्या गटात फिरतात. देणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही. रस्त्यावरच्या माणसाने रस्त्यावरच्या माणसाला सांभाळायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पोलिसांना मात्र हे कायदा मोडणाऱ्याला पळवाट दाखवणे वाटते.

या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात: पोलिसांची तपासणी म्हणजे सगळी एकच. माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे. रस्त्यावर पोलीस निरनिराळ्या कारणांसाठी उभे असतात, आणि प्रत्येक कारणासाठी या इशाऱ्याचा परिणाम वेगळा होतो. कधी तो पोलिसांचेच काम पुढे नेतो, तर कधी तिसऱ्याच माणसाचा जीव धोक्यात घालतो. म्हणून आधी कायदा, मग इतर देशांचा अनुभव आणि शेवटी रायगडच्या किनाऱ्याची स्वतःची परिस्थिती अशा क्रमाने हा प्रश्न पाहायला हवा.

कायद्यात काय आहे

मोटार वाहन कायद्यात ‘पुढे पोलीस आहेत असे कुणाला सांगू नये’ असे कलम नाही. पोलिसांना वापरायचीच झाली तर दोन सामान्य कलमे हाताशी आहेत. मोटार वाहन कायद्याचे कलम १७९ अधिकाऱ्याची कायदेशीर आज्ञा न पाळणे आणि त्याच्या कामात अडथळा आणणे यांबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यातला दंड ५०० रुपयांवरून २,००० रुपयांपर्यंत वाढला. दुसरे कलम भारतीय न्याय संहितेचे २२१ वे. १ जुलै २०२४ पासून ही संहिता लागू झाली. त्याआधी हाच गुन्हा भारतीय दंड संहितेच्या १८६ व्या कलमात होता. सार्वजनिक सेवकाच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यातली शिक्षा आहे.

डिपर दिल्याने अडथळा होतो का, हा खरा मुद्दा. डिपर पाहून समोरच्याने वेग कमी केला, तर त्याने कायदाच पाळला. तेच डिपर पाहून दारू प्यालेल्या माणसाने गाडी वळवली, तर पोलिसांचे काम नक्कीच बिघडले. कृती एकच, फळ दोन. कलमाचे शब्द या दोहोंत फरक करत नाहीत. तो फरक पुराव्याने करावा लागतो.

मोटार वाहन कायद्याच्याच नियमांत एक तरतूद अशी आहे, जी या वादात सहसा कुणी काढत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम घातला. वेगकॅमेरे, सिग्नलवरचे कॅमेरे अशा यंत्रांनी नजर कशी ठेवायची आणि चलन कसे पाठवायचे, हे त्यात सांगितले आहे. अशा टप्प्याच्या आधी ‘येथे कॅमेऱ्याची नजर आहे’ असा ठळक फलक लावणे या नियमाने बंधनकारक केले. म्हणजे कॅमेऱ्याच्या बाबतीत इशारा देण्याचे काम कायद्याने सरकारवरच सोपवले आहे. जुलै २०२४ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली. या मार्गाचा मोठा भाग रायगडच्या पनवेल आणि खालापूर तालुक्यांतून जातो. तिथे ‘पुढे कॅमेरा आहे, सावकाश’ असे एका चालकाने दुसऱ्याला सांगितले, तर सरकारी फलकावर जे लिहिलेले असते तेच तो सांगतो. त्याला दोष देता येणार नाही.

शंभर वर्षांचा वाद

हा वाद मोटारीइतकाच जुना आहे. १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा घातली. पोलीस रस्त्याकडेच्या झुडपांत लपून, घड्याळ लावून वेग मोजू लागले. त्याविरुद्ध १९०५ साली मोटारमालकांनी ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था काढली. तिची सायकलवरची माणसे पुढे पोलिसांचा सापळा असल्याची सूचना सभासदांना देत. पुढे रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला मदत करणारी म्हणून नावारूपाला आलेली ही संस्था जन्मली ती अशा इशाऱ्यासाठी.

साहजिकच खटले झाले. १९०७ च्या ‘बॅस्टेबल विरुद्ध लिटल’ निवाड्यात इशारा देणारा सुटला, कारण ज्यांना इशारा दिला त्या गाड्या त्या वेळी मर्यादा ओलांडत होत्या, हे सिद्ध झाले नाही. १९१० च्या ‘बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स’मध्ये गाड्या जोरात होत्या हे सिद्ध झाले आणि इशारा देणारा दोषी ठरला. गुन्हा घडत असताना त्याचा पुरावा नाहीसा व्हावा म्हणून दिलेला इशारा म्हणजे अडथळा, असे तिथले तत्त्व ठरले. संस्थेने मग वेगळी युक्ती काढली. तिचा माणूस सभासदाची गाडी दिसली की सलाम करी. ज्या दिवशी सलाम केला नाही, त्या दिवशी पुढे धोका आहे असे समजायचे. न केलेल्या सलामासाठी कुणाला कोर्टात खेचणार?

अमेरिकेत वाद भाषणस्वातंत्र्यावर आला. मिसुरी राज्यातल्या एलिसव्हिल शहरात दिवे चमकावून इशारा देणाऱ्या एका चालकावर कारवाई झाली. २०१४ साली संघराज्य न्यायालयाने शहराला अशी कारवाई करण्यापासून रोखले. दिवे चमकावून ‘सावकाश जा’ असे सांगणे हे कायदा पाळण्याचेच आवाहन आहे, असा त्या निर्णयाचा रोख होता.

सर्वांत विचारपूर्वक मार्ग फ्रान्सने काढला. तिथे २०१२ च्या सुरुवातीपासून कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगणाऱ्या यंत्रांवर बंदी आली. त्याऐवजी ‘पुढे धोक्याचा पट्टा आहे’ एवढेच सांगण्याची मुभा राहिली, आणि त्या पट्ट्यात कॅमेरा असेलही, नसेलही. २०१९ च्या कायद्याने आणखी एक भेद केला. दारू किंवा अमली पदार्थांची तपासणी चालू असलेल्या भागात ठरावीक काळ अॅपने पोलिसांची खूण दाखवू नये, असा आदेश प्रशासनाला देता येतो. दारूच्या तपासणीसाठी ही मुदत जास्तीत जास्त दोन तास. दहशतवादी किंवा पळून जाणारे गुन्हेगार यांच्या शोधासाठी ती बारा तासांपर्यंत जाते. वेग, दारू आणि शोध या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे कायद्यानेच मान्य केले. आपल्याकडेही विचार याच वाटेने व्हावा असे मला वाटते.

पोलीस उभे कशासाठी असतात

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. देशातल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या नोंदीत कारण म्हणून अतिवेग लिहिलेला आहे. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ चालक आणि सहप्रवासी त्या एका वर्षात गेले. मुंबई-गोवा महामार्गावरच्या माणसांना हे आकडे ऐकून नवल वाटणार नाही. १९ जानेवारी २०२३ च्या पहाटे माणगाव तालुक्यात रेपोलीजवळ व्हॅन आणि ट्रक समोरासमोर धडकले. गुहागरकडे निघालेल्या व्हॅनमधली किमान नऊ माणसे मेली, त्यांत एक लहान मूल होते. त्या रस्त्याचे रुंदीकरण २०११ पासून रखडलेले होते आणि त्याचा दोष चालकांवर घालता येणार नाही. पण अपुऱ्या, खोदलेल्या, मधेच अरुंद होणाऱ्या रस्त्यावर वेग अधिकच घातक ठरतो, हेही तितकेच खरे.

अशा रस्त्यावर पोलीस उभा राहतो तो दोनपैकी एका हेतूने. कधी त्याला विशिष्ट जागा सुरक्षित करायची असते: शाळेसमोरचा रस्ता, आंधळे वळण, बाजारपेठ. तिथे लोकांनी सावकाश जावे एवढेच हवे असते. पोलीस दिसल्यामुळे सावकाश गेले काय, फलक वाचून गेले काय, समोरच्याने डिपर दिला म्हणून गेले काय, काम झाले. या जागी इशारा देणारा चालक नकळत पोलिसाचा मदतनीस होतो. ब्रिटनमध्ये या शतकाच्या सुरुवातीला वेगकॅमेरे पिवळे रंगवले गेले आणि जर्मनीत वेगतपासणीच्या विशेष मोहिमा आधी जाहीर करून राबवल्या गेल्या, त्यामागचा विचार हाच होता.

दुसऱ्या वेळी पोलिसाला जागेशी देणेघेणे नसते, माणसाशी असते. दारू पिऊन कोण चालवतो आहे, परवाना नसलेला कोण आहे, चोरीची गाडी कोणती, टेम्पोत काय भरले आहे, हे त्याला पाहायचे असते. वेग कमी केला म्हणून दारू उतरत नाही. इथे इशाऱ्याने धोका जात नाही, फक्त त्याचा रस्ता बदलतो.

हा भेद समजायला ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याचा अनुभव उपयोगी आहे. तिथे १७ डिसेंबर १९८२ पासून कोणत्याही चालकाला थांबवून श्वासाची चाचणी घेण्याची पद्धत सुरू झाली. सरकारने तिची भरपूर जाहिरात केली. तपासणी होणार, कुणाचीही होणार, हे घराघरांत माहीत झाले. पण आज कोणत्या रस्त्यावर होणार, हे कुणाला कळू दिले नाही. दारूमुळे होणारे मृत्यू लवकरच मोठ्या प्रमाणात घटले. ती घट पकडल्या गेलेल्यांच्या संख्येमुळे झाली नाही. पबमध्ये बसलेल्या माणसाने गाडीची किल्ली मित्राकडे दिली, म्हणून झाली. तपासणी होते हे सर्वांना ठाऊक हवे. नेमकी कुठे होते, हे मात्र कुणालाच ठाऊक नको. दारूच्या नाकाबंदीची सारी ताकद या अनिश्चिततेत आहे. ‘कार्लेखिंडीत आहेत’ हा निरोप तीच मोडतो. ‘कुठेही असतील’ याचे ‘फक्त तिथे आहेत’ होते, आणि उरलेला सगळा तालुका मोकळा होतो.

किनाऱ्याचा भूगोल आणि आतले रस्ते

रायगडच्या किनाऱ्यावर या मुद्द्याला जास्तच धार येते. इथली भूमी खाड्यांनी कापलेली आहे. अलिबागहून पेणकडे जाणारा हमरस्ता धरमतरच्या पुलावरून जातो, रेवदंड्याहून किनाऱ्याने मुरूडला जायचे तर साळावचा पूल ओलांडावाच लागतो, दिघीकडून आगरदांड्याला जायचे तर फेरीबोट. नाकाबंदीला अशा अरुंद जागा सोयीच्या असतात. पुलाच्या तोंडाशी आलेल्या माणसाला चुकवायला जागा नसते. त्याला चुकवायचे असेल तर बरेच आधी कळावे लागते, आणि ते काम इशारा करतो.

मग तो कुठे वळतो? आतल्या रस्त्यांवर. अलिबाग-रेवदंडा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आक्षी, नागाव, चौल ही गावे नारळी-पोफळीच्या वाड्यांतून पसरलेली आहेत. रस्ते दोन गाड्या जेमतेम मावतील एवढे. कडेला दगडी गडगे. रात्री जेवणे आटोपून शतपावलीला निघालेली माणसे, देवळातून परतणाऱ्या बायका, दिवा नसलेल्या सायकली. थळ, किहीम, चोंढीच्या बाजूलाही तेच. हमरस्त्यावरून वळवलेला प्यालेला चालक याच गल्ल्यांत शिरतो. आपण त्याला दंडातून वाचवले, आणि ज्याला या निरोपाचा पत्ताही नाही अशा पादचाऱ्याच्या अंगावर सोडले.

२०२० च्या मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि मुंबईची गाडी थेट मांडव्याला उतरू लागली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यावर उरण-पनवेलच्या बाजूनेही अंतर घटले. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर येणाऱ्या बाहेरच्या गाड्या वाढल्या आणि त्यांतल्या पुष्कळ चालकांना इथली वळणे ठाऊक नसतात. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असलेल्या माणसाला गाडी चालवायला मनाई आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ही मर्यादा का हवी, हे मुंबईने कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पाहिले. तिथे दारूच्या अमलाखालच्या चालकाने पदपथावर झोपलेल्या सात मजुरांना चिरडले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली.

पाहुण्याला ‘आज आतून जा’ असे सांगणाऱ्या होमस्टेवाल्याला वाटते की आपण आतिथ्य करतो आहोत. खरे आतिथ्य त्याला रात्री थांबवून घेण्यात आहे, किंवा गावातल्या न प्यालेल्या मुलाला चालक म्हणून सोबत देण्यात. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात हे सहज जमण्यासारखे आहे, आणि त्या मुलाला चार पैसेही मिळतील.

गोंडघर फाटा

नाकाबंदी म्हटले की आपल्याला हेल्मेट आणि पावती आठवते. रायगडच्या किनाऱ्यावर तिचा याहून गंभीर इतिहास आहे. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला तस्करीचा माल उतरला. तो घेऊन निघालेल्या गाड्यांचा ताफा रात्री म्हसळा तालुक्यातल्या गोंडघर फाट्याजवळ पोलिसांनी अडवलाही. पण तपासणीऐवजी वाटाघाट झाली, लाच ठरली, ती पूर्ण मिळेपर्यंत चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या, आणि ताफा सुटला. पुढच्याच महिन्यात श्रीवर्धनजवळ शेखाडीला शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. १२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. खटल्यात स्मगलरांसोबत त्या रात्रीचे पोलीस आणि सीमाशुल्क खात्याचे अधिकारीही दोषी ठरले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अंतिम निकाल दिला.

ही घटना दोन्ही बाजूंना एक-एक धडा देते. डिपर देणाऱ्याला ती सांगते, की समोरून येणाऱ्या गाडीत कोण बसले आहे हे तुला माहीत नसते. तुझ्या लेखी तो हेल्मेट विसरलेला गावकरी असतो, पण तोच इशारा त्याच्यामागच्या टेम्पोलाही पोहोचतो. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला ‘लेडी हान’ नावाची बेवारस बोट लागली, तिच्यात एके-४७ रायफली सापडल्या, आणि जिल्हाभर नाकाबंदी झाली. ती बोट घातपाताची नव्हती, हे नंतर समजले. त्या पहिल्या काही तासांत मात्र कुणालाच खात्री नव्हती. अशा रात्री ‘नाका कुठे आहे’ हे गटावर टाकणे म्हणजे गाव, शेजार आणि किनारा यांच्याशी बेइमानी आहे, मग टाकणाऱ्याच्या मनात काहीही नसो.

पोलिसांना याच घटनेचा धडा वेगळा आहे. गोंडघर फाट्यावर कुणी डिपर दिला नव्हता. नाकाबंदी होती, गाड्या थांबल्या होत्या. ती निष्फळ केली ती उभे असलेल्यांनीच.

लोक इशारा का देतात

इशाऱ्याची ही रीत कशातून वाढली, हे समजून घेतल्याशिवाय तिच्यावर बोलणे अर्धवट राहील. रस्त्यावरच्या पोलिसाविषयी सामान्य माणसाच्या मनात सुरक्षेपेक्षा पावतीचा विचार आधी येतो. ‘पावती फाडायची की मिटवायचे’ हा संवाद ज्याने स्वतः ऐकला नाही असा मिनिडोरवाला सापडणे कठीण. चिरीमिरी देऊन सुटता येते असे एकदा अनुभवले, की माणूस नाक्याकडे कायदा म्हणून पाहत नाही, टोल म्हणून पाहतो. आणि टोल चुकवायला मदत करणे त्याला पाप वाटत नाही. उताराच्या पायथ्याशी, फलक झाडात झाकलेला असताना, लपून वेग मोजला, की याच भावनेला खतपाणी मिळते.

ई-चलनाने रोखीचा व्यवहार कमी झाला, पण नव्या तक्रारी आल्या. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलनाच्या पद्धतीविरुद्ध संप केला. पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून चलन पाठवू नये, असे आदेशही त्याच सुमारास वरिष्ठांकडून निघाले. तक्रारीत तथ्य होते, हे त्यावरून दिसते.

गरिबाचा मुद्दाही खरा आहे. पहाटे मासळी घेऊन निघालेल्या टेम्पोवाल्याला हजार रुपयांचे चलन म्हणजे दिवसाची कमाई. त्याला वाचवावेसे वाटणे यात माणुसकी आहे. पण ती दाखवायला आणखी चांगले मार्ग आहेत. डिजिलॉकर आणि एम-परिवहन अॅपमधली कागदपत्रे ग्राह्य धरली जातात, हे अजून कितीतरी चालकांना माहीत नाही. ते त्यांना सांगावे. पेणच्या परिवहन कार्यालयात हेलपाटे न घालता नूतनीकरण कसे होते, हे शिकवावे. चलन चुकीचे असेल तर तक्रार कशी नोंदवायची, हे गटावर टाकावे. डिपरने एका फेरीचा दंड वाचतो, कागद पुरे झाले तर वर्षभराचा.

इशाऱ्याची चांगली परंपरा

रस्त्यावरचा इशारा ही मुळात चांगली गोष्ट आहे, आणि रायगडने तिचे मोल पाहिले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. दोन एसटी बस आणि इतर गाड्या नदीत गेल्या. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या कामगाराच्या ध्यानात आले की पूल दिसेनासा झाला आहे, आणि मागून येणारी वाहने थांबवण्यात आली. त्या अंधारात ज्यांना वेळेवर ‘थांबा’ ऐकू आले, ते वाचले. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कोणता रस्ता झाडांनी बंद आहे हे गावोगावचे लोक एकमेकांना कळवत होते. ताम्हिणी आणि कशेडी घाटांतली दरड, रस्त्यावर सांडलेले तेल, वळणावर बसलेली गुरे, उलटलेला टँकर, यांसाठी डिपर देणारा चालक अनोळखी माणसाचा जीव वाचवतो. ही रीत जपायलाच हवी. पोलिसाच्या भीतीने कुणी ती सोडता कामा नये.

मोबाइलवरच्या नकाशांनी हाच इशारा लाखो लोकांपर्यंत नेला. वेगकॅमेऱ्याची सूचना देणे, अपघाताची जागा दाखवणे, हे त्यांचे उपयोग निर्विवाद आहेत. वाद उठतो तो दारूच्या तपासणीवर. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये गूगलला पत्र लिहून तिच्या वेझ या नकाशाच्या अॅपवर अशा तपासण्यांच्या जागा दाखवणे थांबवा अशी मागणी केली. माझ्या मते ती रास्त होती. आपल्याकडे ती मागणी कंपनीइतकीच गावागावातल्या व्हॉट्सअॅप गटांच्या प्रमुखांकडेही करावी लागेल.

मग करायचे काय

सगळे पाहिल्यावर माझे मत असे. धोक्याचा इशारा नेहमी द्यावा. तो देणे कर्तव्य आहे. वेग आणि हेल्मेट यांच्या तपासणीचा इशारा देणे गुन्हा मानू नये. त्याने समोरचा सावकाश जातो, हेल्मेट घालतो, आणि कायद्यालाही तेवढेच हवे असते. फक्त रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर तीव्र दिवे मारू नयेत, कारण त्यानेच अपघात होतो. श्वासाची तपासणी आणि रात्रीची नाकाबंदी यांचा इशारा मात्र कधीही, कुणालाही, कोणत्याही गटावर देऊ नये. त्या वेळी आपण पोलिसाला फसवत नसतो; पुढच्या गावातून चालत येणाऱ्या माणसाचा जीव पणाला लावत असतो.

हा नियम लोकांनी पाळावा असे वाटत असेल, तर पोलिसांनीही आपल्या बाजूचे करायला हवे. वेगतपासणी उघड, फलकासह, आणि जिथे खरोखर माणसे मरतात त्या जागी करावी. तिथे अपघात का होतात हे फलकावर लिहावे. रोख पैशाचा व्यवहार कुठल्याही नाक्यावर होऊ नये, आणि झाला तर तक्रार घेणारा अधिकारी त्याच जिल्ह्यात, हाताशी असावा. दारूची तपासणी एकतीस डिसेंबरपुरती न ठेवता वर्षभर, कुठल्याही रात्री, कुठल्याही रस्त्यावर व्हावी. हंगाम सुरू होताना मांडवा जेट्टी, वडखळ नाका, माणगाव येथे मोठ्या फलकांवर ते जाहीर करावे: या जिल्ह्यात तपासणी होते, कुठेही होते. असे झाले तर तो इशारा पोलीस स्वतः देतील आणि तो प्रत्येकाला लागू असेल. मग ‘कार्लेखिंडीत आहेत’ या निरोपाला अर्थ उरणार नाही, आणि डिपर पुन्हा दरड, गुरे आणि सांडलेल्या तेलासाठी मोकळा होईल.

तोवर निर्णय प्रत्येक चालकाच्या हातात आहे. डिपरकडे बोट नेण्याआधी एकच प्रश्न विचारावा: माझ्या इशाऱ्याने समोरचा सावकाश होईल, की निसटेल? सावकाश होणार असेल तर जरूर द्यावा. निसटण्याची शक्यता असेल तर देऊ नये, कारण त्याची किंमत देणारा माणूस आपल्याच किनाऱ्यावरच्या कुठल्या तरी गावातला असेल.